पैलवानाचं माप

मंडळी, सावकाश बसा. खांबामागच्या बायांनो, जरा पुढं सरका. तिथवर माझा आवाज पोचत नाही आणि ओरडायची मला सवय नाही. देवाचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मनातल्या मनात घ्या — त्याला ऐकू येतं! घेतलंत? आता एक साधा प्रश्न विचारते.

माणसाचं माप एकदा घेतलं, की ते किती दिवस चालतं?

हसताय! शिंप्याला विचारा म्हणताय. नेते, शिंप्याच्याच दुकानात नेते तुम्हाला. पण आधी माझ्या देवघरात या. आमच्या बाळकृष्णाला मी रोज सकाळी अंघोळ घालून अंगरखा चढवते. एकतीस वर्षं झाली. त्याचं माप? अडीच बोटं! तेव्हा अडीच, आजही अडीच. लोणी खाऊन वाढत नाही, एकादशी करून वाळत नाही! म्हणून देवाला नेसवणं सोपं आहे हो. अवघड आहे ते माणसाला नेसवणं. आमच्या गुरुमाई दळायला बसल्या की दोन ओळी म्हणायच्या —

काल घेतले जे माप । त्याचा आज होई ताप ॥
देव बसला जो देही । त्याला रोज नवे पाही ॥

या दोन ओळींचंच आजचं आख्यान. ऐका.

कृष्णाकाठी एक तालुक्याचं गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माहेरवाशीण इथं बसलेली असायची! त्या गावच्या पेठेत मारुतीसमोर पुरुषांच्या कपड्यांचं एक जुनं दुकान. गोपाळकृष्ण वस्त्रभांडार. धोतर, सदरा, टोपी, उपरणं, फेटा, पूजेचं सोवळं, लग्नातला जोधपुरी कोट — पुरुषाला मुंजीपासून पुढं जे जे लागतं ते सगळं. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर टेकायचं. आधी पाण्याचा तांब्या येतो, मग प्रश्न येतो — “काय कार्य काढलंय?” काय पाहिजे, असं नाही बरं का, काय कार्य काढलंय! मला ही रीत फार आवडते. कापडाआधी माणसाच्या घरी काय चाललंय ते विचारायचं.

आता समोर नवीन दुकान झालंय. काचेचं! दारात शेरवान्या घालून पुतळे उभे, आणि पुतळ्यांना मुंडकी नाहीत. का नाहीत, देव जाणे. कुणाचंही मुंडकं बसावं म्हणून असेल. आमच्या यांना घेऊन मी गेले होते एकदा. यांनी बाहीत हात घालायच्या आतच मागून आवाज आला, “सर, खूप उठून दिसतंय!” आता काय उठून दिसत होतं, सांगा? पण मंडळी, मी त्या लेकरांना नावं ठेवणार नाही. दहा-दहा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, घोटे सुजतात बिचाऱ्यांचे. गोड बोलायचं हीच त्यांची नोकरी. जुन्या दुकानातला माणूस मात्र तोंडावर सांगतो — हे घेऊ नका, तुमच्या वर्णाला मळकट दिसेल. विक्री बुडवून खरं बोलतो! उपास न करता पुण्य लागत असेल ते अशा माणसाला.

आणि खरं सांगा हं. अठ्ठावीस सदरे उलगडायला लावून “घरी विचारून येतो” म्हणून निघून गेलेले इथं किती जण आहेत? हात वर करू नका, देवानं बघितलंय तेवढं पुरे. तुम्ही गेलात, चहा प्यायलात, विसरलात. त्या अठ्ठावीस घड्या मागं कुणी घातल्या?

त्या घड्या घालणारा माणूस म्हणजे श्रीरंग बोंगाळे. जातीचा शिंपी, दुकानात अडतीस वर्षं. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत. कापडाचे गठ्ठे वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली गेलेला. बोलणं कमी, हात मऊ. लग्नाच्या नवऱ्याला फेटा बांधायला बसले, की घाबरलेला नवरा शांत व्हायचा, असा हात!

पण देव प्रत्येकाच्या शिवणीत एक टाका सैल ठेवतो. अण्णांचा सैल टाका कुठला? तर अभिमान. कशाचा? मापाचा! गळ्यात टेप असायची, तुळशीच्या माळेसारखी — नुसती शोभेला. एकदा घेतलेलं माप अण्णा दुसऱ्यांदा घेत नसत. वकील आले, छाती बेचाळीस, बाही तेवीस. गुरुजी आले, छाती छत्तीस, गळा चौदा. वहीत नाही, सगळं डोक्यात. लोक तोंडात बोटं घालत. आणि अण्णांना वाटे, आपल्या डोक्यात आहे तेच त्या माणसाच्या अंगावर आहे.

या सगळ्या मापांत एक माप अण्णांचं फार लाडकं होतं. हिंदुराव पैलवानाचं! छाती अठ्ठेचाळीस. गळा अठरा. तालमीच्या लाल मातीत वाढलेलं शरीर. दरवर्षी दसऱ्याआधी पैलवान सदरा आणि फेटा घ्यायला यायचे, दारातून आत येताना उजेड अडायचा. ते हात वर करायचे, अण्णा गंमत म्हणून छातीभोवती टेप फिरवायचे आणि तोंड पाडून म्हणायचे, “टेप संपली, पैलवान.” साठ इंची टेप, संपेल कशाला? पण तेवढ्यावर दोघं पोट धरून हसायचे. पुढं पुढं टेप लावणंही बंद झालं. राहिला नुसता विनोद. पैलवान हात वर करत, अण्णा लांबूनच म्हणत — संपली!

गेल्या दसऱ्याला पैलवान आले नाहीत. गावाला गेले असतील, असं अण्णांना वाटलं. पुढं माघात तालमीला शंभर वर्षं पुरी होणार होती, आणि तालमीनं ठरवलं, मानाचा फेटा हिंदुराव पैलवानाला बांधायचा. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पैलवानांची सून दुकानात आली. तिचं नाव शालन. नवरा साखर कारखान्यावर पाळीला, सासू वारलेली. घरात सासऱ्याचं सगळं हीच बघायची. डोईवरचा पदर सावरत गादीच्या कडेला टेकली. पाण्याचा तांब्या आला. सदरा हवा, धोतर हवं, फेट्याचं कापड हवं.

अण्णांना कोण आनंद! पांढरंशुभ्र कापड काढलं, कात्री घेतली. तेव्हा शालन हळूच म्हणाली, “अण्णा, जरा बेतानं धरा. मागच्यापेक्षा आत.”

आता अण्णांनी काय करावं? विचारावं, का गं बाई? विचारलं नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “सूनबाई, वाघाचं माप तुम्ही मला सांगताय?”

चारही जण हसले. ती गप्प बसली. काय बोलणार होती? सासऱ्यानं बजावलेलं — माझ्या दुखण्याचं बाहेर बोलायचं नाही. चार पुरुषांत ती कशी सांगेल, की वाघ राहिला नाही म्हणून? बायांनो, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते. पुरुषांना मी सांगते. जी बाई सासऱ्याचा सदरा रोज धुते, पिळते, वाळत घालते, तिला त्याचं माप ठाऊक नसेल तर कुणाला असेल? पण तिला विचारतंय कोण!

सदरा शिवला. छाती अठ्ठेचाळीस. शालन येऊन घेऊन गेली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती परत दारात उभी. आज गादीवर टेकली नाही, तांब्याला हात लावला नाही. हातातली पिशवी अण्णांच्या पुढ्यात ठेवली. सदरा, धोतर, फेटा, सगळं होतं तसं. अण्णांनी विचारलं, काय झालं? तेव्हा ती म्हणाली, “मामंजींनी सदरा घातला, आरशासमोर उभे राहिले. मग काढला आणि म्हणाले, हे पैलवानाचं कपडं हाय. पैलवानाला नेऊन दे.”

मग सगळं सांगितलं तिनं. दहा महिने झाले, साखरेच्या आजारानं अंग उतरत चाललेलं. फेरफटका बंद, पारावर बसणं बंद. तालमीचं बोलावणं आलं तेव्हा कित्येक दिवसांनी म्हातारा हसला होता, दाढी करायला न्हाव्याला बोलावलं होतं. आणि आज भिंतीकडं तोंड करून बसलाय. तालमीला निरोप धाडलाय, येत नाही म्हणून. शंभर वर्षांतनं एकदा येणारा मान, आणि तो एका सदऱ्यापायी हातचा चालला!

मंडळी, अण्णांना काय वाटलं असेल? अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं माप चुकलं. आणि तेही सांगितलेलं असून! सांगणारी समोर बसून सांगत होती, आणि आपण तिच्यावर चार माणसं हसवली. बरं, अण्णांचं प्रेम नव्हतं का पैलवानावर? होतं हो, जीव होता. म्हणूनच तर अठ्ठेचाळीस सोडवत नव्हतं! पण ते न बघणारं प्रेम. त्याला वाटतं, आपला माणूस आपण शेवटचा बघितला तिथंच उभा आहे.

मालक म्हणाले, “एवढं काय, वरून जाकीट द्या. जाड कापडाचं, खांद्यात भरलेलं. आतला सदरा दिसणार नाही.” अण्णांना पटलं. घाईत माणसाला झाकणंच सुचतं! जाकीट सदऱ्याच्याच पिशवीत टाकलं आणि जेवणही न करता शालनबरोबर पैलवानाच्या घरी गेले.

पैलवान बाजेवर बसले होते, घोंगडी ओढून, भिंतीकडं तोंड. अण्णा दारातच थबकले. घोंगडीतून जी मान दिसत होती ती त्यांच्या ओळखीची नव्हती. मग धीर करून म्हणाले, “पैलवान, मी श्रीरंग. जाकीट आणलंय. वरून घाला, कुणाला कळायचं नाही.”

पैलवानानं मान न वळवता विचारलं, “झाकाय आलास व्हय, श्रीरंगा?”

अण्णा जाकिटाची पिशवी तिथंच ठेवून परसात आले. शालन रांजणातनं पाणी काढायला गेली. समोर दोरीवर कपडे वाळत होते. पैलवानांचा जुना सदरा होता, उलटा करून टाकलेला, जसा नीटस बाया टाकतात, ऊन लागून विटू नये म्हणून.

आणि शिंप्याची नजर, ती कुठं जाणार? शिवणीवर गेली.

अण्णा जवळ गेले. काखेपासून खालपर्यंत मूळची मशिनची शिवण, त्यांच्याच दुकानातली. तिच्या आत बोटभर अंतरावर हातशिवणीची दुसरी ओळ. बारीक धावदोरा, पांढऱ्या दोऱ्यानं, दिसू नये असा. तिच्या आत तिसरी. तिच्या आत चौथी, आणि पाचवी तर अजून करकरीत, दोरा फार तर एका धुण्यातला. दोन्ही बाजूंना. अण्णांनी शेजारचा सदरा उलटून बघितला. त्याला पण तसंच! गळ्याची गुंडीसुद्धा तीनदा सरकवलेली.

कळलं का मंडळी काय ते? दहा महिने पैलवान वाळत होते, आणि ही सून दुपारी ते निजले की शिवण आत घेत होती. बोटभर, बोटभर! का? सकाळी सदरा चढवताना तो त्यांना सैल लागू नये म्हणून. आपण कमी झालो हे त्यांना सदऱ्यानं सांगू नये म्हणून. ज्या दिवशी नवीन सदरा अंगात आला, त्या दिवशी म्हाताऱ्याला दहा महिन्यांचा आजार एकदम दिसला!

मागून शालन पाणी घेऊन आली. अण्णांनी तांब्या घेतला नाही. त्या बाईपुढं हात जोडले आणि म्हणाले, “सूनबाई, त्या दिवशी तुम्ही मला माप सांगत होतात. मी ऐकायला पाहिजे होतं.”

ती लाजली, म्हणाली, “मला कुठं शिवायला येतंय, अण्णा. टाके वाकडे हैत.”

अण्णांनी दोरीवरचा सदरा काढला आणि आत गेले. बाजेवर, पैलवानाच्या मांडीवर तो उलटा पसरला. लहान पोराला बोट धरून न्यावं तसं त्यांच्या सुरकुतल्या बोटाला पहिल्या ओळीवरून दुसरीवर नेलं, दुसरीवरून तिसरीवर. म्हणाले, “मी तुमचं माप वीस वर्षांपूर्वी घेतलं आणि त्यावर मिरवत बसलो. हिनं रोज घेतलंय. तुम्हाला कळूसुद्धा न देता.”

पैलवान कितीतरी वेळ त्या पाच ओळी चाचपत होते. आखाड्यात ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, ते डोळे पुसायला घोंगडीचं टोक शोधत होते. मग घोंगडी बाजूला सारली. शालनकडं बघितलं नाही, बघवलं नसेल. बाजेवरून उतरले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

“घे माप,” म्हणाले. “खरं घे.”

अण्णांनी गळ्यातली टेप काढली. वीस वर्षांनी ती या अंगाला खरं माप घ्यायला लागली! काखेखालून फिरवली. टेपेची टोकं एकमेकांना भेटून पुढं गेली. चौतीस. पैलवानच म्हणाले, “आता टेप उरली, श्रीरंगा.”

अण्णा म्हणाले, “उरू दे. आज पहिल्यांदा तुम्ही माझ्या टेपेत मावलात.”

आणि हसले हो दोघं! तसेच, पोट धरून, दसऱ्याच्या वेळी हसायचे तसे. मग अण्णांनी टेप वर नेली, कपाळाभोवती धरली. साडेबावीस. डोळे बारीक करून दोनदा बघितली आणि म्हणाले, “हे मात्र आहे तेवढंच आहे.” खरंच आहे मंडळी! अंग झिजतं, डोक्याचं माप हलत नाही. फेटा बांधणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

त्या दुपारी ओसरीवर अण्णांनी नवा सदरा उसवला, बेतला, आणि सुई शालनपुढं केली. माझी मशिन दुकानात आहे, म्हणाले. आणि ती असती तरी या अंगाची सवय तुमच्या हाताला आहे. अडतीस वर्षांचा कारागीर दोरा ओवून देतोय आणि सून टाके घालतेय. वाकडे असतील! देवाला अंगरखा शिवताना माझेही वाकडे येतात.

दुसऱ्या दिवशी तालमीत गर्दी मावेना. पैलवान आले, रिक्षातून उतरले, काठी टेकत. आधी लाल मातीला हात लावून कपाळाला लावला. ज्यानं त्यानं डोळे खाली घातले. वाघाचं असं झालेलं बघायची कुणाची तयारी नव्हती. अण्णांनी फेटा बांधला. नऊ वार कापड, एकही पेच न चुकता. तालमीचे कारभारी उभे राहून लिहून आणलेलं वाचायला लागले, की ज्यांच्या अठ्ठेचाळीस इंची छातीनं या मातीचं नाव—

पैलवानानं हात वर केला. “चौतीस,” म्हणाले. “नवीन माप लिहून घ्या.”

मग काय विचारता! सगळी तालीम हसली, टाळ्या वाजल्या, खाली गेलेले डोळे वर आले. बघायला लागले लोक त्यांच्याकडं, जसे होते तसे. मग कारभाऱ्यांनी मानाची शाल पांघरली, भारी, लोकरीची. तिनं खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं झाकलं. पैलवानानं नमस्कार केला, बसले, आणि ती शाल सावकाश काढून घडी करून मांडीवर ठेवली.

शेजारच्यानं विचारलं, गरम होतंय का? पैलवान म्हणाले, “सदरा दिसंना झालाय. माझ्या सुनंनं शिवलाय.”

बायकांच्या मागच्या रांगेत शालन बसली होती. तिनं पदर डोळ्याला लावला की तोंडाला, कुणास ठाऊक. मी तिथं नव्हते. असते तर मीही लावला असता.

तर मंडळी, अण्णांची गोष्ट संपली. आता तुमची! तुमच्या गळ्यात टेप नाही, पण डोक्यात मापं किती आहेत? जाऊ उद्धट आहे. कधी घेतलं हे माप? लग्न झाल्या वर्षी! भाऊ आपमतलबी आहे. हे कधीचं? वाटण्या झाल्या तेव्हाचं! पोराला काही कळत नाही, तो दहावीत होता तेव्हाचं. आज त्याच्या कानावर पांढरे केस आलेत. सासूबाईंना काम सांगताना त्या अजून तेवढ्याच ताकदीच्या आहेत असं धरून सांगतोय आपण. आणि तीच जुनी मापं शिवून शिवून माणसांच्या अंगावर घालतोय. ती सैल होतात, काचतात, आणि आपण म्हणतो, माणूसच बिघडला!

मला तुमच्याकडून दक्षिणा नको, एक नेम हवा. आज घरी जाल, देवापुढं दिवा लावाल. लावा. त्या दिव्याच्या उजेडात मूर्तीकडं थोडं कमी बघा, तिचं माप बदलत नाही. शेजारी जो कोणी उभा असेल, त्याच्याकडं बघा. आणि घरात जी शालन असेल, न बोलता टाके घालणारी, तिला आधी विचारा. तिला माप ठाऊक असतं.

सगळ्यांना देव नीट नेसवो. आता हळू उठा, आणि एकमेकांना हात द्या.